शिराळं वाजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना मांडव आहे. लग्नाचा नव्हे. लग्नाचा मांडव दोन दिवस मिरवतो, फोटो काढून घेतो आणि टेम्पोत बसून निघून जातो. मी वेलाचा मांडव. किन्हवलीजवळच्या एका गावात, शेखरच्या घरामागे, परसात उभा असतो. माझ्या डोक्यावर शिराळ्याचा वेल चढतो, कारल्याचा चढतो, एखाद्या साली दुधीही चढतो. शिराळं म्हणजे तुमच्यातले काही जण ज्याला दोडका म्हणतात ते. ताटात आलं की नाक मुरडता, तेच.

मला शेखरच्या वडिलांनी उभं केलं. धाकलू त्यांचं नाव. आता ते नाहीत. बांधावरच्या ऐनाचे चार खांब त्यांनी स्वतः तासले, खड्ड्यात दगड ठोकून ठोकून रोवले. वर बांबूच्या कामट्या आणि कामट्यांवर डोंगरातून आणलेली कारवी पसरली. बांधायला तेव्हा सुंभ होता. पुढे सुतळी आली. आता काही ठिकाणी जुन्या टीव्हीची केबल आहे, ती मला मुळीच आवडत नाही, पण मला विचारतो कोण? कारवी दरवर्षी बदलतात, बांबू मोडला की बदलतात. खांब मात्र तेच राहिले. म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो.

माझेही दिवस होते, मित्रांनो. श्रावणात मी असा भरून जायचो की वरून आभाळ दिसायचं नाही. पिवळी फुलं, भुंगे आणि खाली लोंबणारी हातहातभर शिराळी. शेजारची भिमी यायची आणि धाकलूंच्या बायकोला म्हणायची, "गोजरवयनी, तुमच्या मांडवाखाली यायचं म्हंजे वाकूनच याया लागतं. नायतर शिराळी टाळक्यात बसतात."

"मंग वाकून ये. आणि जाताना दोन घेऊन जा," गोजर म्हणायची. मी आपला वरून ऐकत राहायचो आणि फुगायचो.

हे वाण गोजरचं. मुरबाडकडच्या तिच्या माहेराहून लग्नाच्या वेळी पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. लांब, कोवळं आणि कधीही कडू न निघणारं. ते टिकवायची तिची एक रीत होती. वेल ऐन भरात आला की ती एक शिराळं निवडायची. अगदी पहिलं नाही, अगदी शेवटचंही नाही. त्याला आपल्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते बियाण्याचं. मग त्याला घरात कुणीही हात लावायचा नाही. ते वेलावरच पिकायचं, तपकिरी व्हायचं आणि वाळायचं. वेलाची पानं गळून जायची, तरी ते एकटं माझ्या छातीशी लोंबत राहायचं. आणि मग एक दिवस वारा आला की आतल्या बिया वाजायच्या. खुळ खुळ. तो आवाज आला की गोजर हातातलं काम टाकून यायची. शिराळं उतरवून बिया काढायची, राखेत घोळवायची आणि चुलीमागच्या भिंतीवर शेणाच्या गोळ्यात थापून ठेवायची. पुढच्या मृगापर्यंत त्या तिथंच.

किती सोपं होतं! पाऊस यायच्या वेळी यायचा, जायच्या वेळी जायचा. मलाही कळायचं कधी ओझं वाहायचं आणि कधी अंग शेकत उभं राहायचं.

आता? आता या आभाळाचं मी काय करू, ते तुम्हीच सांगा!

गेल्या चैत्रात, ज्या महिन्यात पावसाचं काही काम नाही त्या महिन्यात, वाऱ्यासकट पाऊस आला आणि चुलीमागची भिंत भिजली. शेणातल्या बियांना बुरशी आली. गोजरने एकेक बी नखाने टोकरून पाहिलं. चांगल्या निघाल्या त्या जेमतेम चिमूटभर. वैशाखात पुन्हा पाऊस, तोही असा की परसात डबकी साचली. शेखरची बायको रेश्मा म्हणाली, "आई, टाकूया का बी? पाऊस तर लागलाय."

"मृग कुठं लागलाय गो?" गोजर म्हणाली. पण पाऊस थांबेना, तेव्हा तिचाही धीर सुटला. दोघींनी बिया टाकल्या. कोंब वर आले आणि पाऊस गायब! ऊन असं तापलं की निम्मे कोंब माना टाकून पडले. उरलेले जगवायला दोघींनी तांब्यातांब्याने पाणी घातलं. मग आषाढात इतका पाऊस की मुळांशी पाणी साचून आणखी वेल कुजले. भाद्रपदात पंधरा दिवस थेंब नाही. एका वेलाचं वाळून काड झालं. शेवटी माझ्यावर एकच वेल चढला. एकच, मित्रांनो! माझ्यासारख्या चौखांबी मांडवावर एक वेल म्हणजे मोठ्या पातेल्यात चमचाभर भाजी.

गोजरने त्याच्यावरचं एक शिराळं निवडलं आणि चिंधी बांधली. भिंतीवर या वेळी एकही बी उरलेलं नव्हतं. हे शिराळं गेलं तर वाण गेलं. माहेरीही आता कुणी लावत नव्हतं. तिथंही बाजाराच्या पाकिटातलं बी आलं होतं.

त्यातच शेखरचं वेगळंच चाललेलं. शेखर आसनगावच्या बाजूला गोदामात कामाला जातो. त्याने जुनी मोटारसायकल घेतली. अवकाळी पावसात तिची सीट भिजते, म्हणून त्याला पत्र्याची शेड हवी होती. आणि ती शेड हवी होती नेमकी माझ्या जागेवर. लोखंडी पाइप आणून त्याने माझ्याशेजारीच टाकले. रोज सकाळी मला ते बघावे लागत.

"आये, हा मांडव काढतो आता," तो म्हणाला. "एक खांब तर वाळवीनं खाल्लाय. कवा पण डोक्यात पडंल."

हे खरं होतं. माझा विहिरीकडचा पाय आतून पोकळ झाला होता.

"शिराळं वाजू दे," गोजर म्हणाली. "वाजलं की काढ. तवर बोट लावायचं नाय."

"आणि माझी गाडी?"

"तिला घे घरात, पोटाशी धरून नीज."

रेश्मा तोंडाला पदर लावून हसली. शेखर पुटपुटत निघून गेला. मी मात्र हिशेब केला. शिराळं वाळलं नाही तर वाण जाणार. वाळलं तर मी जाणार. आणि मित्रांनो, तरीही मी रोज उन्हाची वाट बघत होतो. एवढी वर्षं पोटाशी वाढवलेलं लेकरू आपल्या डोळ्यांदेखत कुजावं, असं कुणाला वाटेल?

दिवाळी आली. शिराळं पिवळं पडून तपकिरी होऊ लागलं होतं. आणखी थोडं कोरडं ऊन मिळालं की काम झालं असतं. पण फटाक्यांचा वास जातो न जातो तोच ढग आले. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं आणि वर पाऊस! अख्खं गाव आभाळाकडे बघून चिडलेलं. त्याच वेळी गोजरच्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती मुरबाडला गेली. जाताना रेश्माला म्हणाली, "शिराळं सांभाळ गो. भिजू देऊ नको." एवढंच म्हणाली. एवढ्यावरच सगळं अडलं, पण ते नंतर कळलं.

रेश्मा आणि शेखरची मुलगी राही चार वर्षांची. तिला त्या दिवसांत खोकला झाला होता. रेश्माने तिला स्वेटर घातला, कानटोपी घातली, वर ओढणीही गुंडाळली. पाऊस थांबून ऊन पडलं तरी ते काही उतरलं नाही. राहीचा चेहरा नुसता लाल. मायलेकी परसात आल्या. रेश्माच्या हातात साखरेची जाड प्लास्टिकची पिशवी होती. तिने ती शिराळ्यावर घातली आणि तोंडाशी सुतळीने गच्च आवळली. तांबडी चिंधी आत दिसत राहिली.

"त्याला थंडी वाजते?" राहीने विचारलं.

"हो ना गो. पावसात भिजलं तर त्याला पण तुझ्यासारखा खोकला होईल."

"मग त्याला टोपी?"

"हीच त्याची टोपी."

किती मायेने बांधली तिने ती पिशवी! मला रागावताही येईना. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि पिशवीच्या आतून थेंब जमू लागले. भाताच्या टोपावर झाकण ठेवलं की कसे थेंब जमतात, तसे. ते थेंब ओघळून शिराळ्याच्या खालच्या टोकाशी साचले. मी काय करणार? मला हात नाहीत. आहेत त्या कामट्या. वारा आला तेव्हा मी जमेल तेवढा करकरलो. रेश्मा धावत आली आणि काय केलं असेल तिने? सुतळीची गाठ आणखी आवळली!

संध्याकाळी गोजरचा फोन आला. रेश्मा मागच्या दारात उभी राहून बोलत होती.

"हो आई, बघते ना. एक थेंब लागू दिला नाय त्याला."

पलीकडून गोजर काहीतरी म्हणाली. रेश्माच्या तोंडावर हसू पसरलं. "तुमी काळजी करू नका. मामांचा डोळा सांभाळा."

सासू तिकडे खूश, सून इकडे खूश. आणि मधे मी एकटा, पोटाशी घामाघूम झालेलं शिराळं घेऊन उभा! अशा वेळी तोंड नसणं ही केवढी शिक्षा आहे, ते तुम्हाला कळणार नाही.

पावसाने अजून पुरतं छळलं नव्हतं म्हणून की काय, दोन दिवसांनी दुपार कलताना वावटळ उठली. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग नुसता मार. माझा पोकळ पाय विहिरीकडे वाकला. मी उरलेले तीन पाय घट्ट रोवून धरले, धाकलूंनी ठोकलेले दगड आठवले, पण तो पाय कडाडून मोडला आणि मी एका अंगावर कोसळलो.

आवाज ऐकून रेश्मा भर पावसात धावली. ती कारवीखाली हात घालून चाचपडू लागली. काटक्यांनी तिच्या मनगटावर ओरखडे उठले. शिराळं सापडलं, पण पिशवी फाटली होती आणि आतून आंबूस वास येत होता. खालचं टोक काळं पडून मऊ झालं होतं. तिने बोट लावलं तर बोट आत गेलं. ती तशीच चिखलात बसली. पिशवीतलं कोमट, आंबूस पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तेव्हा तिला कळलं की हे पाणी आभाळातून आलेलं नाही.

शेखर भिजून घरी आला. मला पडलेलं बघून म्हणाला, "चला, काढायचं काम वाचलं!" आणि मग त्याला बायकोचा चेहरा दिसला. त्याने तिला हात धरून उठवलं आणि शिराळं आपल्या रुमालात गुंडाळून घरात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गोजर आली. हातातलं सामान खाली ठेवायच्या आधी परसात आली. मला पाहिलं, कपाळावर हात मारला. रेश्माने शिराळं पुढे केलं आणि मान खाली घातली. गोजरने ते नाकाशी धरलं.

"हे पावसानं नाय गेलं," ती म्हणाली. "हे घामानं गेलं."

"आई, मी तर भिजू नये म्हणून..."

"प्लास्टिकात कोंडलंस? जिवंत वस्तू ती! तिला वारा नको?" गोजरचा आवाज चढला. मग तिची नजर उंबऱ्यातल्या राहीवर गेली. बाहेर लख्ख ऊन आणि पोरगी स्वेटर, टोपी, ओढणीत उभी, गळ्यावर घामोळं उठलेलं. "आणि ही? हिला पण राखलीस वाटतं बियाण्याला? काढ गो ते आधी!"

रेश्मा रडायला लागली. राहीची टोपी काढता काढता रडत राहिली. "मला काय माहीत आई? मला कोणी सांगितलं? लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, चिंधी बांधली की हात लावायचा नाय. मी लावलाच नाय कधी. मला काय कळणार ते कसं वाळतं, कसं राखतात?"

गोजर शिराळ्यावरची चिंधी अंगठ्याने चोळत राहिली.

"ते पण खरं," शेवटी ती म्हणाली. "दरसाल माझं मीच राखलं. तुला हात लावू दिला असता तर तुझ्या हाताला कळलं असतं." मग पुन्हा आपल्या नेहमीच्या सुरात, "आता रडून काय व्हतंय? विळी आण. आणि चुलीतली राख आण."

दोघी मागच्या ओट्यावर बसल्या. गोजरने शिराळं धरलं आणि रेश्माला कापायला लावलं. सडलेलं टोक निघालं. त्याच्यासोबत त्यातल्या बियाही गेल्या. त्यावर जो भाग उरला तो टणक होता. "दाब," गोजर म्हणाली. "दाबलंस? असं लागलं पायजे. मऊ लागलं की समज गेलं." कापलेल्या तोंडाला रेश्माने राख चोपडली आणि तिने स्वतःच्या हाताने ते चुलीवरच्या आढ्याला सुतळीने टांगलं. धूर लागेल असं. उघडं. खाली काही नाही, वर काही नाही.

मी आडवा पडून हे सगळं पाहत होतो. स्वयंपाकघराची मागची भिंत कुडाची आहे आणि तिला एक फट आहे. शेखर मला उचलायला आला, तेव्हा गोजर म्हणाली, "ठरलं काय व्हतं? शिराळं वाजू दे." म्हणून मी पडल्या जागी तसाच पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. त्यांनी काय काय केलं ते सांगत नाही.

मग रोज सकाळी रेश्मा पाटावर चढून शिराळं चाचपायची. राही खालून विचारायची, "वाजलं?"

"नाय अजून."

आभाळाचं नाटक चालूच होतं. सकाळी दाट धुकं, दुपारी चैत्रासारखं ऊन, संध्याकाळी पुन्हा ढग. मार्गशीर्षात माणसं पंखे लावून बसलेली मी पाहिली! पण चुलीचा धूर तेवढा वेळच्या वेळी येत होता. जगात तेवढीच एक गोष्ट शहाण्यासारखी वागत होती.

एके दिवशी रेश्मा राहीला कडेवर घेऊन पाटावर चढली. "हलव बघू. हळू."

भिंतीच्या फटीतून मला ऐकू आलं. अगदी बारीक. खुळ खुळ.

"आजी! वाजलं! आजी, वाजलं!"

गोजर हातातलं काम टाकून धावली, पण तिने हात पुढे केला नाही. रेश्माने उतरवलं, रेश्मानेच कापलेल्या टोकाकडून फोडलं. आतल्या जाळीतून काळ्या टणक बिया निघाल्या, काही पांढऱ्या पोचटही निघाल्या. काळ्या तेवढ्या वेगळ्या केल्या. मूठभरही भरल्या नाहीत, पण होत्या. निम्म्या भिंतीवर शेणात गेल्या. निम्म्या रेश्माने राखेत घालून कोरड्या डब्यात ठेवल्या. भिंत पुन्हा भिजली तर? गोजरने आधी नाक मुरडलं आणि मग म्हणाली, "बरं सुचलं तुला."

आता माझी पाळी होती. शेखर पहार घेऊन आला. मी डोळे मिटले असते, पण मला पापण्या नाहीत.

रेश्मा दारातून म्हणाली, "बी तर राखलं. जूनमधी वेल काय तुमच्या गाडीवर चढवू?"

शेखरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमी दोघी मिळून मला गाडी विकायला लावणार," तो म्हणाला. पण पाइप उचलून पुढच्या अंगणात घेऊन गेला. शेड तिकडे झाली. मला त्याने पुन्हा उभं केलं. मोडलेल्या पायाच्या जागी कुंपणावरच्या पांगाऱ्याची जाड फांदी तोडून रोवली.

"हे दिवस नाय पांगारा लावायचे," गोजर म्हणाली. "पावसात लावतात, मंग फांदी मूळ धरते. पण आता कसले दिवस आणि कसलं काय."

भांडी धुतलेलं पाणी रोज त्या फांदीला मिळत गेलं. आणि मित्रांनो, माघात माझ्या त्या नव्या पायाला पालवी फुटली. माघात! बिचाऱ्याला वाटलं असेल, पाऊस आला. आभाळाने त्यालाही फसवलं. दुपारच्या उन्हात ती पोपटी पानं कोमेजू लागली, तेव्हा रेश्मा ओलं गोणपाट घेऊन धावत आली. ती फांदीवर टाकणार इतक्यात तिचा हात थांबला. तिने ते मावळतीच्या बाजूला माझ्या कामट्यांवरून खाली सोडलं. सावली पालवीवर पडेल असं, पण पालवीला चिकटणार नाही असं. मधून वारा जाईल एवढी जागा ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं झाड असेल, कुंडी असेल, धाकटं भावंड असेल. ऊन-पाऊस आता कुणाचं ऐकत नाही, तेव्हा त्यांना जरूर झाका. पण वाऱ्याला जागा सोडा. आणि जे राखायचं त्याला हात लावून बघा. घरातल्या दुसऱ्यालाही हात लावू द्या. माझ्यासारख्यांना तोंड नसतं. आम्ही करकरतो, तेवढंच.

राही रिकाम्या शिराळ्यात पोचट बिया घालून माझ्याखाली बसली आहे, खुळ खुळ वाजवत. अंगात नुसतं झबलं आहे. आणि वर बघा, फाल्गुन अजून सरला नाही आणि विहिरीमागून ढग यायला लागलेच!